‘आय आय, सर’चं मराठीत काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका गृहस्थांनी दिवाळी अंकासाठी एक जुनी इंग्रजी सागरकथा मराठीत आणायला घेतली आहे. तिच्यात ए-वाय-ई या तीन अक्षरांचा ‘आय’ हा शब्द त्यांना तीन ठिकाणी भेटला. एका ठिकाणी खलाशी कप्तानाला ‘आय आय, सर’ म्हणतो. दुसऱ्या ठिकाणी स्कॉटलंडमधली एक म्हातारी नातवाच्या प्रश्नाला नुसतं ‘आय’ म्हणून गप्प होते. आणि शेवटच्या पानावर थडग्यावरच्या ओळीत ‘फॉर आय’ असं येतं. शब्दकोशात ‘होय, जुना प्रयोग’ एवढंच मिळालं. तिन्हीकडे ‘होय’ घालून पाहिलं, तर पहिलं बेचव लागतं, दुसरं चालून जातं आणि तिसऱ्याचा अर्थच लागत नाही. शब्द जुना आहे तर मराठीतही ‘जी हुजूर’सारखं काहीतरी जुनं घ्यावं का, असं त्यांनी विचारलंय. आणि जाता जाता, ऑफिसात साहेबांना ‘आय आय, सर’ म्हटलं तर चालेल का, हेही.

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणं हेच माझं पोटापाण्याचं काम. कथा-कादंबऱ्या, माहितीपटांची उपशीर्षकं, कंपन्यांची कागदपत्रं, जे येईल ते करते. त्या अनुभवावरून सांगते की इथे खरी अडचण शब्दाच्या अर्थाची नाहीच. अर्थ तुम्हाला कळलाय. अडचण अशी, की इंग्रजीतला हा एक होकार वेगवेगळ्या घरांत राहतो आणि प्रत्येक घरात त्याचं वजन वेगळं असतं. कोण, कुणाला, कुठे म्हणतंय हे पाहिल्याशिवाय त्याला मराठी शब्द देता येत नाही. त्यामुळे माझं बरंचसं उत्तर ‘परिस्थितीवर अवलंबून’ असंच आहे. पण ते कशावर अवलंबून आहे, ते नीट सांगता येतं.

तिसरी ओळ आधी निकालात काढू, कारण तो शब्दच वेगळा आहे. ‘फॉर आय’मधला शब्द होकाराचा नाही. त्याचा अर्थ ‘सदैव, कायम’. रूढ उच्चारही ‘आय’ नाही, ‘ए’ असा आहे. जुन्या कवितेत तो ‘डे’, ‘से’ अशा शब्दांशी यमक जुळवतो, त्यावरून लगेच ओळखू येतो. तो इंग्रजीत आला जुन्या नॉर्स भाषेतून, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेतून, आणि त्याचं मूळ खणत गेलं तर आपल्या ‘आयुस्’पाशी, म्हणजे ‘आयुष्य’ शब्दाच्या मुळाशी पोचतं. स्पेलिंग होकाराच्या ‘आय’सारखंच असल्यामुळे भलेभले फसतात. तुमच्या ओळीला ‘सर्वकाळ’ किंवा ‘युगानुयुग’ घ्या. दोन्ही शब्द मराठी ख्रिस्ती प्रार्थनांमध्ये रुळलेले आहेत, त्यामुळे थडग्यावर शोभतील. ताम्रपटातलं ‘आचंद्रार्क’ मोहात पाडेल, पण ते जमिनीच्या दानपत्राला ठीक. दर्यावर्दी माणसाच्या थडग्यावर नको.

आता होकाराचा ‘आय’. तो जुना आहे खरा, पण आपल्याला वाटतो तितका नाही. इंग्रजीच्या छापील मजकुरात तो साधारण 1570च्या दशकात दिसायला लागतो आणि पाहता पाहता सगळीकडे पसरतो. ‘यस’ त्याच्यापेक्षा कित्येक शतकांनी जुना. म्हणजे ‘यस’ नवा आणि ‘आय’ जुना हा आपला समज उलटाच आहे. ‘आय’ कुठून आला याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. एक तर्क असा, की तो ‘मी’ अर्थाचाच ‘आय’ असावा. ‘कोण तयार आहे?’ ‘मी!’ या चालीवर. या तर्काला आधार एवढाच, की सुरुवातीला तो एका मोठ्या ‘आय’ अक्षरानेच लिहीत. शेक्सपिअरच्या नाटकांची 1623 साली जी मोठी संग्रहप्रत छापली गेली, तिच्यात होकाराचा ‘आय’ आणि ‘मी’चा ‘आय’ एकाच अक्षराने छापलेले आहेत. रोमिओ मेला की काय या धास्तीने ज्युलिएट दाईला ‘नुसतं आय म्हण’ म्हणते, आणि मग होकार, ‘मी’ आणि ‘डोळा’ या तिन्हींवर एकाच आवाजाचा खेळ करते. इंग्रजी विद्यार्थ्याला हे टीप देऊन समजवावं लागतं. देवनागरीत मात्र तिन्ही शब्द ‘आय’ असेच लिहिले जातात, टीप लागतच नाही. अर्थात मराठी करायला बसलं की ‘होय’, ‘मी’ आणि ‘डोळा’ यांचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही आणि श्लेष हातातून निसटतो, ते वेगळं.

तर ‘आय’ मेलेला शब्द नाही. ग्लासगोत, न्यूकॅसलमध्ये, यॉर्कशरमध्ये, बेलफास्टमध्ये आजही बसवाला, डॉक्टर, शाळकरी पोरगा सगळे ‘आय’ म्हणतात. जुनाट वाटतो तो लंडनकडच्या प्रमाण इंग्रजीत, आणि आपल्याला, कारण आपण इंग्रजी शिकलो ते पुस्तकातून. प्रमाण इंग्रजीत तो दोनच ठिकाणी टिकला: सभागृहात आणि जहाजावर. दोन्ही ठिकाणी होकार म्हणजे नुसतं बोलणं नसतं. तो दिला की काहीतरी घडतं.

सभागृहाचं आधी. ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्समध्ये अध्यक्ष विचारतात, ज्यांचं असं मत आहे त्यांनी ‘आय’ म्हणा, विरुद्ध असेल त्यांनी ‘नो’ म्हणा. सगळे ओरडतात. कुणाचा आवाज मोठा ते पाहून अध्यक्ष निकाल सुचवतात, आणि कुणी हरकत घेतली तर मतविभागणी. मग सदस्य उठून दोन वेगवेगळ्या मार्गिकांतून चालत जातात, ‘आय’वाले उजवीकडून, ‘नो’वाले डावीकडून, आणि दारापाशी त्यांची मोजणी होते. 15 जानेवारी 2019 रोजी थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार मताला आला तेव्हा आकडे असेच वाचले गेले: उजवीकडचे ‘आय’ 202, डावीकडचे ‘नो’ 432. म्हणून ‘नो’ जिंकले. मग ‘अनलॉक’ असा हुकूम होतो आणि मार्गिकांची कुलूपबंद दारं उघडतात. वरच्या सभागृहात, लॉर्ड्समध्ये, याच कामाला ‘आय’ चालत नाही. तिथे ‘कंटेंट’ आणि ‘नॉट कंटेंट’ म्हणतात. समाधानी आणि असमाधानी. लॉर्ड लोकांचं सगळंच निराळं.

आपल्या लोकसभेने कॉमन्सची ही रीत उचलली. कामकाजाच्या नियमांत ‘आय’ आणि ‘नो’ हेच शब्द आहेत, आणि ‘द आयेज हॅव इट’ हे वाक्य टीव्हीवर तुम्ही नक्की ऐकलं असेल. सभापती हिंदीत बोलत असले तर ‘हाँ’चा विजय होतो. 17 एप्रिल 1999 रोजी वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव पडला तो 269 ‘आय’ विरुद्ध 270 ‘नो’ असा. आपल्या विधानसभेत या जागी ‘होय’ आणि ‘नाही’ आहेत, आणि आवाजी मतदान म्हटलं की कुणाचा ‘होय’ मोठा ऐकू आला यावरून वाद होतातच. हे लांबण लावायचं कारण एवढंच, की सभागृहातल्या ‘आय’ला मराठीत तयार शब्द आहे आणि तो ‘होय’ आहे. ‘हो’ नाही, ‘हां’ नाही. ‘हो’ हा घरातला शब्द. ‘होय’ हा उभं राहून, चारचौघांत, नोंद होईल असा म्हणायचा शब्द. एखाद्या कथेत गावसभेचं, पंचायतीचं किंवा चाच्यांनी आपला कप्तान मतं घेऊन निवडल्याचं दृश्य असेल, तर तिथे डोळे मिटून ‘होय’ घ्या.

आता जहाज. तुमचा खरा प्रश्न इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जहाजावर ‘यस सर’ आणि ‘आय आय, सर’ यांत फरक आहे, आणि तो काटेकोर आहे. कप्तानाने विचारलं, ‘दक्षिणेकडे ढग दिसतायत का?’ तर उत्तर ‘यस, सर’. कप्तानाने सांगितलं, ‘शीड उतरवा,’ तर उत्तर ‘आय आय, सर’. पहिलं प्रश्नाचं उत्तर आहे, दुसरं हुकमाची पोच. दोनदा ‘आय’ म्हटलं की त्याचा अर्थ होतो: ऐकलं, समजलं, आणि आत्ता करतो. यात मत नाही, संमती नाही. हुकूम पटला की नाही हा प्रश्नच उठत नाही. बिनतारी संदेशांत ‘रॉजर’ म्हणजे निरोप मिळाला आणि ‘विल्को’ म्हणजे मिळाला आणि पाळतो, असा फरक करतात. ‘आय आय’ हे ‘विल्को’च्या जागी आहे.

ब्रिटिश नौदलात याच शब्दाचा एक वेगळाच वापर होता, तो सांगायचा मोह आवरत नाही, कारण जुन्या सागरकथांत तो हमखास येतो आणि भाषांतरात हमखास चुकतो. रात्रीची वेळ, जहाज बंदरात नांगरलेलं. अंधारातून वल्ह्यांचा आवाज येतो. पहारेकरी ओरडतो, ‘बोट अहॉय!’ आता येणाऱ्या होडीत कोण आहे त्यावर उत्तर ठरलेलं. आत सनदी, म्हणजे ‘कमिशन्ड’, नौदल अधिकारी असेल तर होडीतून आवाज येतो, ‘आय आय!’ तसा अधिकारी नसेल तर ‘नो नो!’ एखाद्या जहाजाचा कप्तान स्वतः असेल तर त्याच्या जहाजाचं नाव, आणि ॲडमिरल असेल तर ‘फ्लॅग’. पहारेकऱ्याला त्यावरून कळतं, की वर कुणाला उठवायचं आणि स्वागताला कोणी उभं राहायचं. आता इथल्या ‘आय आय’चं ‘हो हो’ केलंत, तर वाचकाला वाटेल होडीवाला पहारेकऱ्याला गप्प करतोय. ‘नो नो’चं ‘नाही नाही’ केलंत, तर वाटेल तो घाबरलाय. अशा जागी मी इंग्रजी आवाज तसाच ठेवते आणि पुढच्या वाक्यात कथेच्या ओघातच अर्थ घालते: ‘“आय आय!” अंधारातून उत्तर आलं. म्हणजे होडीत अधिकारी होता.’ तळटीप नको. तळटीप वाचायला थांबलेला वाचक होडीतून उतरलेला असतो.

तुमच्या खलाशाचं ‘आय आय, सर’ मात्र हुकमाला दिलेलं उत्तर आहे. त्याला मी ‘होय साहेब’ करणार नाही, आणि ‘जी हुजूर’ तर मुळीच नाही. ‘जी हुजूर’मध्ये दरबार येतो, लवून केलेला मुजरा येतो, आणि आजकाल त्यात लाचारीचा वासही येतो. ‘आय आय’मध्ये लाचारी नाही. उलट त्यात कामाची ऐट आहे. मग काय घ्यायचं? इथे आपली भाषा आपण रोज कशी बोलतो ते बघा. मराठी माणूस हुकमाला ‘हो’ म्हणतोच असं नाही. तो क्रियापदाने उत्तर देतो. ‘दार लाव.’ ‘लावते.’ ‘उद्या लवकर ये.’ ‘येतो.’ ‘भात वाढू?’ ‘वाढ.’ ‘आलास का?’ ‘आलो.’ होकाराचा स्वतंत्र शब्द न वापरता होकार देण्याची ही सोय इंग्रजीत इतकी सहज नाही, म्हणून त्यांना ‘यस’, ‘आय’, ‘शुअर’ लागतात. आपल्याला ती सोय आयती आहे, आणि ‘आय आय’चा नेमका अर्थ, ऐकलं आणि करतो, हा तिच्यात पुरेपूर बसतो. कप्तान म्हणाला, ‘नांगर सोडा!’ खलाशी म्हणाला, ‘सोडतो, साहेब!’ झालं. संवादाला वेगही आला आणि हुकूम परत एकदा ऐकूही आला.

यात आणखी एक गंमत आहे. आजच्या व्यापारी जहाजांवर नेमकं असंच बोलायचं असतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 साली जहाजांवरच्या संभाषणाची प्रमाण वाक्यं ठरवून दिली, मर्चंट नेव्हीत जाणाऱ्या मुलामुलींना ती शिकवली जातात. त्यांत सुकाणूचा प्रत्येक हुकूम सुकाण्यावरच्या माणसाने जसाच्या तसा परत म्हणायचा असतो. अधिकारी म्हणतो ‘पोर्ट टेन’, म्हणजे सुकाणू दहा अंश डावीकडे. सुकाणूवाला ‘पोर्ट टेन’ म्हणतो, चाक फिरवतो, आणि काटा दहावर आला की ‘व्हील इज पोर्ट टेन’ असं कळवतो. नुसतं ‘आय आय’ म्हटलं तर त्याने डावं ऐकलं की उजवं, हे कळायला मार्ग नाही, आणि जहाजावर आता दहा देशांची माणसं असतात. प्रश्नाला उत्तर देतानाही त्या वाक्यांत नुसतं ‘यस’ चालत नाही, ‘यस’ म्हणून पूर्ण वाक्य परत म्हणायचं. म्हणजे ‘लावते’, ‘येतो’ ही आपली घरगुती रीत सुरक्षेच्या नियमांशी बरीच जुळते.

इथे मात्र तुमच्या कथेचा काळ आणि जहाज तपासून घ्या. जहाज मुंबईहून निघालेलं असेल आणि डेकवरचे लोक आपल्याकडचे असतील, तर प्रश्नच बदलतो. ब्रिटिश आगबोटींवर रत्नागिरीकडचे खलाशी आणि गोव्याचे स्टुअर्ड ही नेहमीची भरती होती. खलाशांवर सारंग, त्याच्या हाताखाली टिंडेल, चाकावर सुकाणी. गोऱ्या अधिकाऱ्याचा हुकूम सारंगामार्फत, खलाशी हिंदुस्तानीत, खाली जायचा. त्या डेकवर ‘आय आय’ कुणी म्हणत नव्हतं. असं असेल तर मूळ लेखकाने सवयीने ‘आय आय’ घातलं असलं तरी तुम्ही ‘सोडतो साब’ लिहिलंत तर ते जास्त खरं होईल. आणि कथा निव्वळ इंग्रजी खलाशांची असेल, तर उलट काळजी घ्या: कप्तानाला ‘नाखवा’ आणि बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला, ‘तांडेल’ करू नका. ते शब्द ऐकताच वाचकाला वर्सोवा किंवा हर्णै दिसायला लागतं. नांगर, शीड, सुकाणू, डोलकाठी हे शब्द बिनधास्त वापरा, ते कुणाच्याही जहाजाला चालतात. पदं मात्र कप्तान, मेट, बोसन अशीच राहू द्या.

एक बारीक सूचना लिपीबद्दल. ‘आय आय’ हा आवाज मराठी छपाईत तसाच ठेवायचा ठरवलात, तर त्याला अवतरणचिन्हं आणि पाठोपाठ ‘सर’ किंवा ‘कॅप्टन’ हवंच. नुसतं ‘आय आय’ वाचून आपल्याकडे कुणाला आई आठवते, कुणाला उत्पन्न, आणि कुणाला ‘आयला’. गंभीर वादळाच्या प्रसंगात हे परवडणारं नाही.

आता म्हातारी. तिचं ‘आय’ हे तिच्यासाठी जुनं नाही, खास नाही, नौदलातलं नाही. ते तिच्या रोजच्या स्कॉटिश बोलीतलं साधं ‘हो’ आहे. बोली आली की भाषांतरकाराला पहिला मोह होतो तो बोलीला बोली देण्याचा. ‘व्हय’ लिहावं का? ‘व्हय’ छान आहे, खणखणीत आहे. नागपूरकडचं ‘हाव’ आहे, गोव्याचं ‘व्हय’ आहे, बोलींत होकार कमी नाहीत. तरी मी घेणार नाही. कारण ‘व्हय’ एकटं येत नाही. त्याच्या मागून बांध येतो, बैलगाडी येते, आणि तुमची म्हातारी एका क्षणात स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून उठून वाईजवळच्या मळ्यात जाऊन बसते. शिवाय आपल्याकडे ‘व्हय’ म्हणणाऱ्या माणसाला छापील मजकूर लगेच अडाणी ठरवतो. स्कॉटलंडमध्ये ‘आय’ वकीलही म्हणतो आणि प्राध्यापकही. तिथे तो कमीपणाचा शब्द नाही, उलट थोडा अभिमानाचाच आहे. बोलीचा मान जिथे सारखा नाही, तिथे बोलीला बोली दिली की पात्राची किंमत बदलते. काही मित्र याच्या उलट मानतात, त्यांच्या भाषांतरांत मासेमारीची सगळी गावं मालवणी बोलतात, आणि एखाद्या विनोदी कथेत ते छान रंगतंही. पण तुम्ही सांगितलेला प्रसंग विनोदी नाही.

त्या प्रसंगाचं बघू. नातू विचारतो, ‘आजोबांची बोट बुडताना तू पाहिलीस?’ म्हातारी ‘आय’ म्हणते आणि पुढे बोलत नाही. इथे माझाच वरचा नियम मोडावा लागतो. ‘पाहिली’ असं क्रियापदाने उत्तर दिलं तर ते माहिती दिल्यासारखं होतं. ‘पाहिली की’ केलं तर त्यात उत्साह येतो, जणू ती पुढे गोष्ट सांगणार आहे. ‘होय’ केलं तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहते. इथे एका अक्षराचा, पुढे वाट न ठेवणारा शब्द हवा. ‘हो.’ आणि पूर्णविराम. मग परिच्छेद बदला.

स्कॉटिश ‘आय’ची आणखी एक खोड ठाऊक असू द्या. ‘आय, राइट’ हे दोन होकार एकत्र आले की अर्थ नकाराचा होतो: ‘हो का! सांगतोस काय!’ ग्लासगोच्या साहित्य महोत्सवाचं नावच या शब्दखेळावर ‘आय राइट’ असं आहे, त्यात ‘राइट’ म्हणजे लिहिणे. आपल्याकडे हे काम ‘हो हो, कळलं’ किंवा ‘बरं बरं’ करतं. कुठल्याही संवादात ‘आय’पाठोपाठ ‘राइट’ दिसलं तर आधी बोलणाऱ्याचा सूर तपासा.

तुम्ही विचारलेलं नाही, पण जुन्या इंग्रजी मजकुरात ‘आय’च्या शेजारी आणखी एक होकार भेटेल, ‘ये’, स्पेलिंग वाय-ई-ए. तो ‘आय’पेक्षा खूप जुना. अमेरिकी राज्यघटनेत सदस्यांच्या मतांची नोंद ‘येज’ आणि ‘नेज’ अशी करायची तरतूद आहे, ती आजही चालू आहे. पण एके काळी इंग्रजीत ‘ये’ आणि ‘यस’ यांची कामं वाटून दिलेली होती. साध्या प्रश्नाला होकार द्यायचा तर ‘ये’, नकार द्यायचा तर ‘ने’. प्रश्नच नकारार्थी असेल तर उत्तरात ‘यस’ आणि ‘नो’. 1532 साली सर थॉमस मोर यांनी बायबलचा अनुवादक विल्यम टिंडेल याच्यावर जे रकानेच्या रकाने लिहिले, त्यांत एक आरोप हाही होता की या माणसाला कुठे ‘ने’ लिहायचं आणि कुठे ‘नो’ ते कळत नाही. (पुढच्या चार वर्षांत दोघांनाही मृत्युदंड झाला, पण तो व्याकरणापायी नव्हे.) नंतर हा भेद बुजला आणि ‘यस’ सगळीकडे पसरला.

आपल्याला याचं महत्त्व असं, की नकारार्थी प्रश्नावर मराठी आणि इंग्रजी अजूनही एकमेकांच्या उलट चालतात. ‘डबा नेला नाहीस?’ या प्रश्नाला मराठी मुलगा ‘हो’ म्हणाला, तर त्याचा अर्थ बहुधा ‘बरोबर, नाही नेला’. इंग्रजी मुलगा ‘यस’ म्हणाला, तर ‘नेला’. उपशीर्षकांत ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता कुणाचंही काम तपासताना मी नकारार्थी प्रश्नच आधी शोधते. मराठी मुलाला प्रश्न खोडून काढायचा असेल तर तो ‘नेला की!’ म्हणतो. हा ‘की’ म्हणजेच त्या जुन्या, कामं वाटलेल्या काळातला ‘यस’. जर्मन लोक तिथे ‘डोख’ म्हणतात, फ्रेंच ‘सी’ म्हणतात. तुमच्या कथेत ‘आय’च्या आधीचा प्रश्न नकारार्थी असेल, तर ‘हो’ लिहिण्याआधी थांबा. तिथे ‘की’च लागेल.

आणि ‘ये’ वाक्याच्या सुरुवातीला, कुठलाही प्रश्न नसताना आला, तर तो होकारच नसतो. तेविसाव्या स्तोत्रात, 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये, मृत्युछायेच्या दरीतून चालण्याची ओळ ‘ये’ने सुरू होते. तिथे कुणी कुणाला हो म्हणत नाही. अर्थ ‘इतकंच काय’ असा आहे. आपल्याकडे त्या जागी ‘किंबहुना’ आहे. त्याचा जोडीदार ‘ने’ही असाच येतो, ‘शेकडो, ने, हजारो’, आणि तो तर सरळ आपल्या ‘नव्हे’च्या अंगावर बेतलेला: ‘शेकडो, नव्हे, हजारो’.

राहिला ऑफिसचा प्रश्न. इंग्रजी ऑफिसात ‘आय आय, सर’ हे आता फक्त थट्टेत म्हणतात. ‘फारच हुकूम सोडताय बुवा’ असा त्यात हलका टोमणा असतो. साहेबांशी तुमची थट्टा चालत असेल तर बोलण्यात चालेल. ई-मेलमध्ये नको, तिथे सूर दिसत नाही. आणि साहेब नौदलातून निवृत्त झालेले असतील तर आधीच विचार करा. त्यांच्या लेखी ‘आय आय’ म्हटलं म्हणजे काम हातात घेतलं, आणि संध्याकाळी ते फाइल मागतील.